आव्याचे जळण आणि जावळीचे रान

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली, देणगीदारांची यादी आणि संत गोरोबाकाकांच्या चरित्रावरील एखादा लेख दरवर्षी असतो, आणि तो असावाच. यंदा चिटणीसांनी आम्हांस जुन्या काळाविषयी काही लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात आले की चाकाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, मातीविषयीही झाले आहे. परंतु आव्याखाली जे जळते त्याविषयी आपल्यापैकी कोणी चार ओळी लिहिल्याचे आढळत नाही. वास्तविक कच्चे मडके आणि पक्के मडके ह्यांमध्ये जळणाखेरीज दुसरे काय असते? ते जळण कोठून यावे, कोणी किती घ्यावे आणि कोणाच्या परवानगीने घ्यावे, हा प्रश्न आपल्या मेढा परिसरात निदान साडेतीनशे वर्षांचा जुना आहे व तो अद्याप मिटलेला नाही. म्हणून हा प्रपंच.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. गाव वेण्णेच्या काठी. वेण्णा महाबळेश्वरी उगम पावून पुढे संगम माहुलीस कृष्णेला मिळते. पश्चिमेस केळघरचा घाट चढून गेले की महाबळेश्वर, आणि डोंगर ओलांडून बामणोलीकडे उतरले की कोयनेचे खोरे. जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन, गेळा, करवंदीच्या जाळ्या व त्याखाली दाट कारवी, असे येथले रान. पाऊस इतका की मृग लागण्यापूर्वी ज्या घरात सरपण भरले नाही त्या घरात चार महिने धूर अधिक आणि भाकरी कमी, अशी स्थिती. देशावरच्या मंडळींस ह्याची कल्पना येणार नाही. तेथे काटक्या नसतील तर शेणी असतात, आणि त्या वाळवायला ऊनही असते. आमच्याकडे श्रावणात शेणी वाळवू म्हणणाऱ्यास लोक हसतील.

ह्या रानाचे महत्त्व पहिल्याने लष्करी होते. चंद्रराव मोऱ्यांची जावळी बळकट होती ती तटबंदीमुळे नव्हे, झाडीमुळे. इ. स. १६५६ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पुढे तीनच वर्षांनी, १६५९ मध्ये, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान ह्याच झाडीत गाठला गेला. रान हे राज्याचे चिलखत होय, ही गोष्ट महाराजांच्या कारभाऱ्यांना पक्की ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले व १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेले आज्ञापत्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्यातील झाडांविषयीची कलमे आठवत असतील. गडाच्या घेऱ्यातील झाडी यत्नपूर्वक वाढवावी, तिच्यातील काठीही तोडू देऊ नये, असे एका ठिकाणी सांगितले आहे. गडावर मात्र फळांची, फुलांची, उपयोगाची व निरुपयोगी दिसणारी अशी सर्व प्रकारची झाडे लावावीत, कारण प्रसंग पडला तर त्यांचे लाकूड तरी कामास येईल, असा हिशेबी विचार आहे. आरमाराच्या प्रकरणात तर ह्याहून नाजूक विवेक दिसतो. आंबा-फणसाचे लाकूड गलबतांस उपयोगी खरे, परंतु ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात; तेव्हा त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, मगच तोडावे. जबरदस्ती सर्वथा करू नये.

राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले महाराजांचे एक पत्रही प्रसिद्ध आहे. शिपायांनी रयतेकडून फुकट काय काय उचलू नये ह्याची जी यादी त्यात आहे, तिच्यात दाणा, भाकर, गवत, भाजी ह्यांच्याबरोबर सरपणाचे फाटेही आहेत. जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असा हुकूम आहे. त्याच पत्रात छावणीच्या गवताच्या गंजींजवळ विस्तव, चूल, दिवा ह्यांविषयी किती सावध असावे हेही बारकाईने लिहिले आहे. ज्याने दर फाल्गुन-चैत्रात डोंगराला लागलेला वणवा पाहिला आहे, त्याला ह्या बारकाव्याची किंमत सांगावी लागत नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे की सगळा काळ असा सोन्याचा नव्हता. गडांना आणि अंमलदारांना लाकूडफाटा पुरविणे हे जुन्या वेठबिगारीत मोडत असे, आणि वेठ कोणाच्या वाट्याला येते हे बलुतेदारांच्या घरी जन्मलेल्यांना वेगळे सांगायला नको.

सरकारी हुकूम गडापुरते व छावणीपुरते. गावच्या रानाचे काय? त्याचा कायदा कागदावर नव्हता, चालीत होता. तो आम्ही आमच्या आजीच्या व आईच्या तोंडून ऐकला आणि थोडाबहुत पाळलाही. देवराईतील काडी घरी आणायची नाही. वाळून पडलेली असली तरी ती देवाची. इतर रानात पडलेले व वाळलेले आपले, उभे व ओले रानाचे. हिरड्याला कोयता लावायचा नाही, कारण हिरड्याची फळे ही गरिबाची नगदी पैदास. ज्या ढोलीत पाखराचे घर आहे ते खोड वाळलेले दिसले तरी सोडून द्यायचे. मोळी आपल्या डोक्याला पेलेल एवढीच बांधायची. ह्या शेवटच्या नियमात किती शहाणपण होते! माणसाचे डोके हेच माप ठरविले की लोभाला आपोआप हद्द पडते. बैलगाडी आली की ती हद्द गेली, आणि मालमोटार आल्यावर तर रानच गेले.

आपल्या ज्ञातीला ह्या चालीत एक स्वतंत्र जागा होती. कुंभाराने गावाला गाडगी-मडकी, घागरी, रांजण, संक्रांतीची सुगडी, लग्नाची बोळकी पुरवायची. गावाने त्याला खळ्यावर बलुते द्यायचे, आणि त्याची माती व आव्याचे जळण गावच्या पड जमिनीतून व रानातून त्याने घ्यायचे. त्याची चूल आणि त्याचा आवा ह्यांत गाव भेद करीत नसे. आव्याला काही सागवान लागत नाही. शेणी, भाताचे तूस, गवत, वाळलेली कारवी, काटक्याकुटक्या, झाडाखालचा पाला, म्हणजे जे दुसऱ्याच्या फारसे उपयोगाचे नाही तेच आव्याचे खाद्य. भेद पडला तो पुढे, आणि तो कागदाने पाडला.

१८२९ मध्ये खंडाळ्याच्या मोबदल्यात महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे निवर्तल्यावर राज्यही खालसा झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४७ मध्ये, मुंबई इलाख्यात डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे पहिले मुख्य अधिकारी नेमले गेले होते. हे गृहस्थ वनस्पतींचे जाणकार होते, आणि डोंगर उघडे पडले की झरे आटतात हे त्यांनी सरकारास बजावून सांगितले, ह्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. परंतु सरकारचे लक्ष झऱ्यांपेक्षा जहाजांच्या आणि पुढे आगगाडीच्या लाकडाकडे अधिक होते. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला, १८७८ साली दुसरा व कडक झाला. त्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. पहिले दोन भराभर वाढले; तिसरा, जो गावाच्या हाती द्यावयाचा होता, तो बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिला.

राखीव जंगलात गावकऱ्यांना जे काही मिळे ते हक्क म्हणून नव्हे, सवलत म्हणून. आणि सवलतीचा सर्वसाधारण अर्थ असा की घरगुती वापरासाठी वाळलेल्या लाकडाची डोईवरची मोळी न्यावी, धंद्यासाठी किंवा विक्रीसाठी नेऊ नये. वरवर पाहता हा नियम न्यायाचा वाटतो. बाजार भरला की रान रिकामे होते, हे आम्हीही नाकारीत नाही. पण ज्याची चूलच धंद्यावर पेटते त्याने काय करावे? कुणब्याची मोळी घरगुती, आणि कुंभाराची मोळी धंद्याची! लोहाराच्या कोळशाचेही तेच. शेकडो वर्षे गावाने जो भेद मानला नव्हता तो एका शब्दाने उभा राहिला.

ह्या बाबतीत रोखठोक लिहिले ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. त्यांचे मूळ गाव कटगुण आपल्याच सातारा जिल्ह्यातले. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात त्यांनी दाखविले आहे की पूर्वी अल्पभूधारक माणूस रानातील फळे खाऊन, पानेफुले व लाकूडफाटा विकून मीठमिरचीपुरते पैसे मिळवीत असे आणि गायरानावर चार जनावरे राखून तरून जात असे. जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने एकत्र कोंडली तेव्हा त्याचा हा आधार तुटला. वाचकांनी येथे 'विकून' ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. गरिबाच्या थोड्याशा विक्रीला जोतीरावांनी गुन्हा मानले नाही. ठाणे-कुलाब्याकडे ह्या प्रश्नावर इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले.

पुढे १९२७ चा जंगल कायदा आला. त्याच्या सव्विसाव्या कलमाने राखीव जंगलात झाड तोडणे, फांदी छाटणे, विस्तव लावणे, ढोरे चारणे हे सर्व अपराध ठरतात, आणि तो कायदा दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. तीनच वर्षांनी, १९३० च्या पावसाळ्यात, मिठाचा सत्याग्रह जेथे समुद्र नव्हता तेथे जंगलाचा सत्याग्रह झाला. वऱ्हाडात पुसदला लोकनायक अणे ह्यांनी गवत कापून कायदा मोडला. उरणजवळ चिरनेरला सप्टेंबरात गोळीबार झाला. आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आज सांगलीत असलेल्या, शिराळे भागातील बिळाशीने झेंडा उभारून सरकारशी झुंज दिली. १९३० हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा; तो पुढे कामास येणार आहे.

स्वराज्य आले, कोयनेचे धरण झाले, खोऱ्यातील गावे उठली. जंगलखात्याच्या टोपीवरचे चिन्ह बदलले, नियम तेच राहिले. ह्या संदर्भात घरातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. आई व आळीतील चार बायका उन्हाळ्यात डोंगराला गेल्या होत्या, आम्ही मागे. उतरताना एका रखवालदाराने सगळ्यांना उभे केले. मोळ्या सोडून पाहिल्या. ओले लाकूड एकही नव्हते. मग त्याने प्रत्येकीला विचारले, ''चुलीला का?'' बाकीच्यांनी होय म्हटले व त्या सुटल्या. आई म्हणाली, ''नाही दादा, आव्याला.'' तिचा कोयता आणि मोळी दोन्ही गेली. घरी आल्यावर वडील तिला म्हणाले, ''चुलीला म्हणाली असतीस तर काय बिघडले असते?'' आईने उत्तर दिले नाही. पुढे शाळेत मुलांना खरे बोलावे असे शिकविताना हा प्रसंग आम्हांस नेहमी आठवे, व आम्ही तो धडा थोडा घाईने उरकीत असू.

मातीच्या बाबतीत सरकारने वंशपरंपरागत कुंभारास स्वामित्वधनाची सवलत दिली आहे, म्हणजे आपला धंदा परंपरेने सार्वजनिक जमिनीवर अवलंबून आहे हे तत्त्व मान्य झाले आहे. जळणाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. उलट काळ अधिक कठीण होत गेला. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये ह्यांतून वाळलेली, मरणोन्मुख किंवा वाऱ्याने पडलेली झाडे व गवतही काढण्यास मनाई केली. पुष्कळांना हा हुकूम विलक्षण वाटला. परंतु कुजणाऱ्या लाकडावरच अळंब्या व किडे जगतात, त्यांवर सुतारपक्षी जगतो, पोकळ खोडात धनेश घर करतो, आणि सडलेला पालापाचोळा पावसाचे पाणी धरून वेण्णेला पौषापर्यंत वाहती ठेवतो. आजीचा ढोलीचा नियम आणि न्यायालयाचा हुकूम ह्यांचा गाभा फार निराळा नाही. निराळे आहे ते एवढेच की आजीच्या नियमात माणसासाठीही थोडे ठेवलेले होते.

ह्याच जागी २००६ चा वनहक्क कायदा येतो. त्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, हिरड्यासारखी फळे ह्यांच्याप्रमाणेच झुडपी लाकूड व खुंट ह्यांचाही समावेश केला. परंपरेने ते गोळा करणाऱ्या वनवासी समाजाचा त्यावरील हक्क मान्य केला. डोईवरून, सायकलीवरून, हातगाडीवरून वाहतूक मान्य केली. आणि उपजीविकेसाठी विक्रीही त्यात धरली. म्हणजे जोतीरावांनी १८८३ साली जे म्हटले होते ते दिल्लीने सव्वाशे वर्षांनी मानले. शिवाय पाचव्या कलमाने रान राखण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेच्या हाती दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला, ज्याचे नाव ऐकून आमच्या मेढ्याचीच वार्ता असल्याचा भास आम्हांस प्रथम झाला होता, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात.

मग अडचण कोठे आहे? अडचण पुराव्यात आहे. आपल्यासारख्या बिगर आदिवासी कुटुंबांना हा हक्क मिळण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या रानात किंवा रानावर अवलंबून राहून काढल्याचे दाखवावे लागते. २००५ मधून ७५ वजा केले की १९३० उरतात. ज्या वर्षी बिळाशीचे लोक रानासाठी लाठ्या खात होते, त्या वर्षी आपला पणजोबा कोणत्या डोंगरातून जळण आणीत होता, ह्याचा कागद आज आपणांस मागितला जातो! मोळीची पावती कोणी जपून ठेवली आहे?

तथापि निराश होण्याचे कारण नाही. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी मोठी आहे, आणि त्यांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडले की पुरते. जुनी गॅझेटियरे, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे तर चालतातच. वृद्ध माणसांचे लेखी निवेदनही चालते. शाळेत आयुष्य घालविल्यामुळे आम्ही आणखी एक गोष्ट सुचवितो. जुन्या प्राथमिक शाळांच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख व जन्मस्थान नोंदलेले असते. १९३० च्या आगेमागे आपल्या घरचा एखादा मुलगा शाळेत घातला गेला असेल तर कुटुंब त्या वेळी त्याच गावी होते ह्याचा तो कागद होय. तहसील कचेरीतील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी मोडी लिपीत असतात. त्या वाचणारी माणसे थोडी उरली आहेत, म्हणून हे काम लौकर व्हावे. जुने आवे जेथे होते तेथे खापरांचे ढीग आजही जमिनीत सापडतात. ते हलवू नयेत. त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि ग्रामसभेच्या समितीस ती जागा दाखवावी.

दावा मात्र एकट्या कुंभाराचा होऊ शकत नाही व होऊही नये. तो गावाचा असतो. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्यांनी तो जातो. त्या वेळी गाव आपणांस विचारील की रान मिळाले तर तुम्ही ते कसे वापरणार? ह्याचे उत्तर आपल्याजवळ आधी असले पाहिजे. गॅस घरोघर आला आहे, २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांतही शेगडी आली. तरी पावसाळ्यात आंघोळीच्या पाण्याचा बंब आमच्याकडे काटक्यांवरच पेटतो, हे लपवून उपयोग नाही. आव्याचे म्हणाल तर उसाचे पाचट आणि लाकूडगिरणीचा भुसा साताऱ्याकडून आणता येतो व पुष्कळजण आणतातही; विजेच्या भट्ट्याही निघाल्या आहेत. तेव्हा रानातून लागेल ते पूर्वीच्या मानाने थोडे. त्या थोड्यासाठी आमच्या आळीतील जाणत्या बायकांशी बोलून आम्ही काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत : अभयारण्याच्या हद्दीत हक्क ठरेपर्यंत पाऊल टाकायचे नाही, एका डोंगरावर लागोपाठ दोन वर्षे जायचे नाही, माघापासून पाऊस पडेपर्यंत रानात आगपेटी न्यायची नाही, मग ती विडीसाठी का असेना, खाली पडलेल्यातले निम्मे जागेवरच सोडायचे, पोकळ खोड सोडायचे, आणि कुऱ्हाड घरी ठेवायची. शेवटच्यावर थोडा वाद झाला. एक म्हातारी म्हणाली की वाळलेली कारवी कोयत्याशिवाय निघत नाही, आणि तिचे म्हणणे खरे आहे. सबब कोयता राहिला, कुऱ्हाड गेली.

हा कागद आम्ही ज्ञातिसंस्थेच्या कचेरीत ठेवला आहे. ज्या कुटुंबांजवळ १९३० च्या पूर्वीची कोणतीही नोंद असेल, मग ती बलुत्याच्या हिशेबाची असो, शाळेच्या दाखल्याची असो अथवा पोथीच्या मागे लिहिलेल्या जन्मवेळेची असो, त्यांनी तिची नक्कल त्याच फायलीत आणून द्यावी. मूळ कागद आपल्या घरीच ठेवावा.